तारीख उद्याची, तरी दूध नासतंय! तुम्ही कुठलं दूध घेता आणि ते किती टिकतं?

सायंतारा · १० मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मे महिन्याचे दहा दिवस झालेत आणि आमच्याकडे तिसऱ्यांदा दूध नासलंय. तिन्ही वेळा पिशवीवरची तारीख दुसऱ्या दिवसाची होती.

आम्ही कांदिवली पूर्वेला राहतो. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि चौदा महिन्यांची लेक. रोज एक लिटर फुल क्रीम आणि चहाला अर्धा लिटर टोन्ड. दूधवाला पहाटेच पिशव्या दाराच्या कडीला अडकवून जातो. आज सकाळी पातेलं गॅसवर ठेवून लेकीला कडेवर घेऊन उभी होते. दूध वर यायच्या बेतात आलं आणि काठाशी रव्यासारखे दाणे दिसायला लागले. डाव फिरवला तर चोथा एकीकडे, हिरवट पाणी एकीकडे. वास घेऊन पाहिला, आंबट अजिबात नाही. आंबलं नाही तर नासलं कसं, हेच मला कळत नाही.

सासूबाई म्हणतात भेसळ आहे. नवरा म्हणतो कंपनी बदल. शेजारच्या काकू म्हणतात तबेल्याचं घे, ऑफिसातली मैत्रीण म्हणते टेट्रा पॅक आण, आणि दुसरी काचेच्या बाटलीतलं ए२ दूध घेते, शंभराच्या वर लिटर. लेकीच्या पोटात जाणारं दूध आहे, म्हणून जीव टांगणीला लागतो. तुम्ही कुठलं घेता, कसं ठेवता, किती दिवस वापरता? जरा सविस्तर सांगा.

जुना_गिरगावकर · १० मे, रात्री १०:३१

दूध कडीला किती वाजता लागतं आणि तुम्ही आत किती वाजता घेता?

सायंतारा · १० मे, रात्री १०:३८

येतं साडेपाचच्या आसपास. मी उठते सात-सव्वासातला. रविवारी आठ होतात.

जुना_गिरगावकर · १० मे, रात्री १०:४०

मग उत्तर बहुतेक तिथेच आहे. मे महिना आहे, ताई. बंद जिन्यात पहाटेही २८-२९ अंश असतात.

लॅबवाले_काका · ११ मे, सकाळी ७:०५

मी डेअरीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. सविस्तर लिहितो, कारण सायंतारांचा प्रश्न अगदी योग्य आहे.

पिशवीवरची तारीख अटीसह दिलेली असते. तारखेच्या जवळची बारीक अक्षरं वाचा, ‘अमुक अंशांखाली ठेवल्यास’ असं लिहिलेलं सापडेल. ती अट मोडली की तारीख कामाची राहत नाही. डेअरीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात आणि लगेच ४ अंशांपर्यंत खाली आणतात, यालाच पाश्चरायझेशन म्हणतात. एवढ्याने क्षयाचे, ब्रुसेलाचे वगैरे रोगजंतू मरतात. सगळेच जिवाणू मरत नाहीत. काही उष्णता सोसणारे असतात, काही बीजाणूंच्या, म्हणजे कवचातल्या झोपलेल्या रूपात टिकून राहतात. थंडीत ते जवळजवळ गप्प असतात. तीसेक अंशांची ऊब मिळाली की त्यातले काही अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात. पहाटे साडेपाच ते सव्वासात म्हणजे किती दुपटी झाल्या, मोजा.

आता वास का आला नाही ते. ताज्या दुधाचा पीएच ६.६ ते ६.८ असतो. दुधातलं केसीन हे प्रथिन नुसतं ठेवल्या ठेवल्या विरजायला पीएच ४.६ च्या आसपास यावा लागतो, ते आपलं दही. पण तेच दूध उकळायला ठेवलं तर आम्लता थोडीशीच वाढलेली असतानाही केसीन धीर सोडतं आणि दाणे धरतात. नाकाला आणि जिभेला न कळणारी आम्लता गॅसला कळते. टँकर आला की आम्ही परीक्षानळीत ५ मिली दूध घेऊन ती उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं धरायचो. आत एक जरी दाणा दिसला तरी ते दूध घ्यायचं नाही. काल तुमच्या पातेल्यात झाली ती हीच चाचणी.

आणखी एक प्रकार असतो. बीजाणूंतून उगवणारे काही जिवाणू आम्ल न करताच प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) सोडतात. त्याने दूध गोडच राहतं पण फुटतं. उबेत राहिलेल्या पाश्चराइज्ड दुधात हे होऊ शकतं. नासलेलं दूध कडवट लागलं तर त्यामागेही बहुधा प्रथिनं तोडणारे जिवाणूच असतात. त्यातले काही फ्रिजच्या थंडीतही सावकाश वाढतात, म्हणून फ्रिजातलं दूधही अमर नसतं.

भेसळ नाहीच असं इथे बसून म्हणता येणार नाही, पण तीनदा तोच प्रकार, तोही मे महिन्यात आणि दोन तास दाराबाहेर लटकलेल्या दुधाचा. मी आधी वेळ तपासेन.

परळची_सुगरण · ११ मे, सकाळी ९:२०

काका, फार छान समजावलंत. आमच्याकडे आईने घालून दिलेले नियम आहेत, ते इथे लिहिते. पिशवी घरात आली की वरून धुवायची, कारण ती फुटपाथवरच्या क्रेटमधून आलेली असते. लगेच तापवायचं नसेल तर फ्रिजात, दाराच्या कप्प्यात नाही, आत मागे. दरवाजा सारखा उघडतो, म्हणून दाराचा कप्पा सगळ्यात उबदार.

कालच्या दुधात आजचं दूध ओतायचं नाही. हे मी शंभर घरांत पाहिलंय. पातेल्यात वाटीभर उरलंय म्हणून त्यावरच नवीन पिशवी फोडतात आणि कालच्या वाटीपायी आजचं लिटरभर जातं. पातेल्याच्या काठाला सुकलेली साय राहिली असेल तरी तोच परिणाम. दुधाचं पातेलं आमच्याकडे वेगळं आहे, त्यात दुसरं काही होत नाही.

तापवून झाल्यावर जाळी झाकून, पातेलं परातीत गार पाण्यात ठेवायचं. अर्ध्या तासात कोमट होतं, मग फ्रिजात. सकाळी तापवलेलं दूध ओट्यावर दुपारपर्यंत पडलं तर तापवून काही मिळवलंच नाही. तापवून लगेच थंड केलेलं दूध आमच्याकडे दोन दिवस निर्धास्त वापरतो, तिसऱ्या दिवशी उरलंच तर खिरीत.

पहाटेची_लाईन · ११ मे, दुपारी १:४५

मी पश्चिम उपनगरात दुधाची लाईन टाकतो, चौदा वर्षं झाली. आमची बाजूही मांडतो.

टेम्पो आमच्या नाक्यावर साडेतीन-चारला येतो. गाडीतून उतरताना दूध गार असतं, क्रेटला हात लावला की बोटं बधिर होतात. मग फुटपाथवर क्रेट लावायचे, कुठल्या इमारतीत कुठलं किती ते वाटायचं, लिकेज पिशव्या बाजूला काढायच्या. यात पाऊण तास जातो. नंतर सायकल किंवा स्कूटर, पिशव्यांच्या गोणी, लिफ्ट बंद असेल तर जिने. माझी शेवटची इमारत सहाला होते. म्हणजे पहिल्या घराला साडेचारला गार दूध मिळतं आणि शेवटच्या घराला दीड तास उशिरा. सायंताराताई, तुमचं घर लाईनमध्ये कितवं आहे ते दूधवाल्याला विचारा. शेवटचं असेल तर उन्हाळ्यापुरतं आधी टाकायला सांगा. आम्ही ऐकतो. कुणी नीट सांगत नाही, महिन्याच्या शेवटी बिलातून पैसे कापतात फक्त.

एक उपाय माझ्या गिऱ्हाइकांपैकी सात-आठ घरांनी केलाय. दारात झाकणाचा थर्माकोलचा डबा आणि त्यात फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली. झोपताना बाटली डब्यात ठेवायची, मी पिशव्या त्यात टाकून झाकण लावतो. त्या घरांतून नासल्याची तक्रार मला आठवत नाही.

लॅबवाले_काका · ११ मे, दुपारी २:१०

वा! हीच खरी शीतसाखळी. तुमचे पाऊण तास आणि पायऱ्या आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हत्या.

जुना_गिरगावकर · ११ मे, रात्री ९:००

थोडं जुनं सांगतो, विषयाला धरूनच आहे. माझ्या लहानपणी आमच्या चाळीत आरेचं दूध. सरकारी दूध योजनेचं कार्ड, काचेच्या बाटल्या, वर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं झाकण. पहाटे केंद्रावर रांग. रिकामी बाटली धुऊन न्यायची, भरलेली आणायची. मला आठवतं, थंड बाटलीवर बाहेरून दव धरायचं आणि मी ते बोटाने पुसत जिना चढायचो. आई दारातच उभी असायची, बाटली तिच्या हातातून थेट पातेल्यात. केंद्र ते गॅस, दहा मिनिटं. तेव्हा फ्रिज कुणाकडेच नव्हता, पण दूध नासलं असं वर्षातून दोन-तीनदाच व्हायचं. आज फ्रिज घरोघरी आहे आणि दूध दाराबाहेर लटकलेलं असतं.

आरे वसाहत १९४९ सालची. शहरभर पसरलेले तबेले एका जागी न्यावेत, म्हशी मोकळ्या हवेत राहाव्यात आणि शहराला स्वच्छ, पाश्चराइज केलेलं दूध मिळावं, ही कल्पना. त्यामागे दूध आयुक्त दारा खुरोडी होते. १९६३ मध्ये त्यांना, वर्गीज कुरियन यांना आणि त्रिभुवनदास पटेल यांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपण ज्याला टोन्ड दूध म्हणतो तेही खुरोडींचंच, आपल्या मुंबईतलं. म्हशीच्या घट्ट दुधात स्किम्ड पावडर आणि पाणी घालून स्निग्धांश खाली आणायचा, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त घरं भागतील आणि भावही परवडेल. टोन्ड म्हणजे पाणी घातलेलं दूध असं हेटाळून बोलणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो. त्या काळी कितीतरी मुलांना त्यामुळे रोज दूध मिळालं.

सायंतारा · ११ मे, रात्री ९:४८

सगळ्यांचे मनापासून आभार. गिरगावकर काका, बाटलीवरचं दव वाचून सासूबाईंना त्यांचं लालबाग आठवलं, बराच वेळ बोलत होत्या.

आता पुढचा प्रश्न. टोन्ड, डबल टोन्ड, गाईचं, फुल क्रीम, यात टिकण्याच्या दृष्टीने काही फरक असतो का? आणि लेकीला कुठलं?

लॅबवाले_काका · १२ मे, सकाळी ६:५०

टिकण्याच्या दृष्टीने फारसा नाही. एकाच डेअरीतून, एकाच तापमानाला बाहेर पडलेल्या फुल क्रीम आणि टोन्ड पिशव्या जवळपास सारख्याच टिकतात. फरक आहे तो स्निग्धांशात. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांप्रमाणे फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये १.५. ‘ताजा’, ‘गोल्ड’, ‘शक्ती’ ही कंपन्यांनी दिलेली नावं. निवड करताना त्याखाली लिहिलेला प्रकार वाचा.

गाईचं दूध पिवळसर दिसतं ते कॅरोटीनमुळे. म्हैस कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरंशुभ्र. पिवळं म्हणजे जुनं असं समजून पिशवी परत करणारे लोक मी पाहिलेत.

बाळाच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांचं ऐका. सर्वसाधारण सल्ला असा की वर्षाच्या आत वरचं दूध मुख्य आहार म्हणून नको, आणि वर्षानंतर दोन वर्षांपर्यंत स्निग्धांश कमी केलेलं नको. तुमची लेक चौदा महिन्यांची आहे, म्हणजे डबल टोन्ड तिच्यासाठी नाही.

परळची_सुगरण · १२ मे, सकाळी १०:१५

मी वापरावरून निवडते. दह्याला आणि खिरीला म्हशीचं किंवा फुल क्रीम, त्याशिवाय कवडी पडत नाही. चहाला टोन्ड पुरतं. होमोजिनाइज्ड असेल तर चहाला रंगही चांगला येतो, पण त्यावर साय जेमतेम धरते, कारण चरबीचे कण इतके बारीक केलेले असतात की ते वर येतच नाहीत. ‘हल्लीच्या दुधाला सायच नाही, नक्की भेसळ’ असं म्हणण्याआधी पिशवीवर होमोजिनाइज्ड लिहिलंय का ते बघावं. घरी तूप कढवणाऱ्यांनी होमोजिनाइज्ड नसलेलं घ्यावं.

लिटरमागे दहा-बारा रुपयांचा फरक असतो, तेव्हा सगळं दूध फुल क्रीम घ्यायची गरज नाही. सायंतारा, तुमचं एक अधिक अर्धा हे गणित बरोबर आहे. फक्त एक लिटरच्या पिशवीऐवजी अर्ध्या लिटरच्या दोन घ्या. एक फोडा, दुसरी बंदच फ्रिजात राहू द्या.

दुधाळ_जोगेश्वरी · १२ मे, दुपारी ३:३०

आम्ही तबेल्याचं घेतो, वडिलांच्या काळापासून. समोर धार काढून मिळतं, दह्याला तोड नाही. कंपनीचं दूध दोन दिवसांचं शिळं असतं, हे का कुणी सांगत नाही?

लॅबवाले_काका · १२ मे, संध्याकाळी ५:०५

दूध काढल्यापासून पिशवीत पडेपर्यंत दिवस-दीड दिवस जातो, हे खरं आहे आणि ते लपवण्यासारखं नाही. त्या वेळात ते गार असतं, एवढंच. तबेल्याचं दूध म्हशीच्या अंगाच्या उबेसह येतं, ३७-३८ अंश. ते कच्चं आहे, थंड केलेलं नाही. तुमच्या हातात धार काढल्यापासून तासाभरात पडत असेल आणि तुम्ही लगेच उकळत असाल तर उत्तमच. पण सकाळी सहाची धार, कॅनमधून तीन ठिकाणी फिरून, साडेनऊला दारात, आणि मग ‘जरा वेळाने तापवू’ असं असेल तर त्याच्यापेक्षा गार पिशवी बरी. आणि उतू येईपर्यंत उकळल्याशिवाय कच्चं दूध लहान मुलाला देऊ नये. यात माझी तडजोड नाही.

दुधाळ_जोगेश्वरी · १२ मे, संध्याकाळी ६:२०

मान्य. आमचं सव्वासहाला येतं, साडेसहाला गॅसवर असतं. पण तसा तबेला जवळ नसलेल्यांनी माझ्यावरून घेऊ नये, हे बरोबर.

सह्याद्रीचा_मुलगा · १२ मे, रात्री ८:४०

मी मूळचा कोल्हापूरकडचा, आता मुलुंडला असतो. गावी आमच्या चार म्हशी आहेत, भाऊ बघतो. पहाटे पाचला धारा, सहा वाजता किटली घेऊन डेअरीत. तिथे नमुना घेतात, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढतात, आकडा पावतीवर येतो, त्यावर दर. फॅट दशांशाने कमी लागली तरी भावाचं तोंड उतरतं. तिथून बल्क कूलर, चिलिंग सेंटर, टँकर, आणि पावणेचारशे किलोमीटरवर मुंबई. गोकुळचं दूध वाशीला येऊन पिशवीत भरलं जातं. हे सगळं अंतर ते गार राहतं आणि शेवटी तुमच्या कडीवर दोन तासांत वाया जातं, हे वाचून खरंच वाईट वाटलं. भाऊ संध्याकाळच्या धारेसाठी लग्नाकार्यातून उठून येतो.

म्हणून दूध ओतून देताना आमच्याकडे फार जीवावर येतं. २०१८ च्या जुलैत राजू शेट्टींच्या आंदोलनात मुंबईचं दूध अडवलं होतं. शेवटी सरकारने २५ रुपये दर जाहीर केला. तेव्हाही भाऊ दूध रस्त्यावर ओतायला तयार नव्हता, गावातल्या शाळेत देऊन आला.

टेट्रावाली_पवई · १३ मे, सकाळी ८:५५

दोघंही नोकरीला, रोज दूध घेणं जमत नाही, म्हणून आम्ही यूएचटी, म्हणजे टेट्रा पॅकमधलं दूध घेतो. त्यात रसायन असतं म्हणून टिकतं असं बरेच जण म्हणतात. काका, खरं काय?

लॅबवाले_काका · १३ मे, सकाळी ९:४०

टिकण्यासाठी रसायन लागत नाही. ते दूध १३५ अंशांच्या वर दोन-चार सेकंद तापवतात, बीजाणूसुद्धा मरतात, आणि निर्जंतुक खोक्यात हवा न लागू देता भरतात. कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर असतात, त्यामुळे प्रकाशही आत जात नाही. म्हणून बंद खोकं फ्रिजबाहेर महिनोन् महिने टिकतं. उकळायची गरज नाही. मात्र एकदा कापलं की त्याची सगळी कवचकुंडलं गेली, ते साध्या दुधासारखंच. लगेच फ्रिजात आणि दोन-तीन दिवसांत संपवायचं. उघडलेलं खोकं ओट्यावर ठेवून ‘हे टिकणारं दूध आहे’ म्हणणं चूक. चव जरा शिजल्यासारखी लागते, तापमानामुळे.

२६ जुलै २००५ च्या पुरात दोन दिवस आमच्या भागात दूध आलं नाही. तेव्हापासून पावसाळ्यात दोन खोकी घरात असतातच. ज्यांच्याकडे लहान मूल आहे त्यांनी तरी ठेवावीत.

सायंतारा · १३ मे, सकाळी १०:०२

आणि ए२? मैत्रिणीने फारच भरीला घातलंय.

लॅबवाले_काका · १३ मे, सकाळी १०:३०

ए१, ए२ हे दुधातल्या बीटा-केसीन प्रथिनाचे प्रकार आहेत. देशी गाईंच्या दुधात बहुतांशी ए२ असतं आणि म्हशीच्या दुधातही ए२ असतं, हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयने पाकिटांवरून ए१-ए२ चे दावे काढायला सांगितले होते, आणि आठवड्याभरातच तो आदेश मागे घेतला. ए२ म्हणून दूध जास्त टिकत नाही, एवढं मी खात्रीने सांगतो. दूध चांगल्या गोठ्यातलं असेल, गार येत असेल आणि परवडत असेल तर जरूर घ्या. काचेच्या बाटलीची चव मलाही आवडते. पण दाराबाहेर दोन तास ठेवलं तर तेही नासेल.

जुना_गिरगावकर · १३ मे, रात्री ९:१५

भेसळीबद्दलही लिहा कुणीतरी, सासूबाईंचा मुद्दा राहिला.

पहाटेची_लाईन · १४ मे, दुपारी २:०५

मी लिहितो. मुंबईत हे होतं, एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) धाडीत सापडलंय. पिशवीचा कोपरा कापून दूध काढतात, पाणी भरतात आणि मेणबत्ती-पत्ती घेऊन परत चिकटवतात. म्हणून पिशवी हातात आली की चारही कोपरे आणि वरचा-खालचा जोड बघा. कंपनीचा जोड सरळ आणि एकसारखा असतो. कुठे वाकडा, जाड, चुरगळलेला किंवा जळाल्यासारखा पिवळट दिसला तर ती पिशवी घेऊ नका, आणि दूधवाल्याला तिथेच दाखवा.

दुसरं, रिकाम्या पिशव्या धुऊन अख्ख्या फेकू नका. त्याच परत भरल्या जातात. वरचा भाग आडवा कापा, पण तुकडा वेगळा करू नका, लटकता ठेवा. सुटा कोपरा भंगारवाल्याच्या हाती लागत नाही, गटारात जातो.

लॅबवाले_काका · १४ मे, दुपारी ३:२०

घरी करता येण्याजोगं: तिरक्या गुळगुळीत ताटावर दुधाचा थेंब सोडा. शुद्ध दूध सावकाश ओघळतं आणि मागे पांढरी रेघ ठेवतं, पाणी जास्त असेल तर रेघ न ठेवता झरकन जातं. स्टार्चसाठी, दोन-तीन चमचे दूध उकळून गार करा आणि टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका, निळं झालं तर स्टार्च आहे. डिटर्जंटसाठी दूध आणि पाणी समभाग घेऊन बाटलीत जोरात हलवा, दाट फेस टिकून राहिला तर शंका घ्यावी.

आणि खायच्या सोड्याचा मोह टाळा. दूध नासेल असं वाटलं की चिमूटभर सोडा टाकणारी घरं मी पाहिलीत. त्याने आम्लता झाकली जाते, दूध उकळी सोसतं, पण आतले जिवाणू तेवढेच राहतात. बाळाच्या दुधात तर नकोच.

सायंतारा · २४ मे, रात्री १०:०५

मंडळी, दहा दिवस काही लिहिलं नाही कारण मोजमाप चालू होतं. केकसाठी आणलेला डिजिटल थर्मामीटर घरात होता.

पहिल्या दिवशी काहीच न बदलता सव्वासातला कडीवरची पिशवी आत आणली, कोपरा कापून थर्मामीटर बुडवला. २६.४ अंश. पिशवीवर लिहिलंय ८ अंशांखाली. आकडा बघून मी तशीच खुर्चीत बसले. तेच दूध मी लेकीला देत होते.

दुसऱ्या दिवशी पाचचा गजर लावून दारात उभी राहिले. दूधवाले दादा पाच पस्तीसला आले, मला बघून दचकले. पिशवी हातातून घेतली, मोजलं, १५ अंश. त्यांना विचारलं तर आमची इमारत त्यांच्या लाईनमध्ये शेवटून दुसरी निघाली. पहाटेची_लाईन यांनी लिहिलं होतं तसंच अगदी. मी त्यांना काकांचं म्हणणं समजावलं, लेकीचं वय सांगितलं. ते म्हणाले, ‘ताई, आजवर कुणी विचारलंच नाही.’ सोमवारपासून आमच्याकडे पाचच्या आत दूध येतं.

दाराशी थर्माकोलचा डबा ठेवलाय, आत गोठवलेली एक लिटरची बाटली. आता सव्वासातला मोजलं की १० ते १२ अंश भरतात. आठच्या खाली नाही, पण २६ पण नाही. उठल्या उठल्या लेकीचं अर्धा लिटर तापवते, परातीत गार करते, बाकीच्या पिशव्या फ्रिजात मागच्या बाजूला. त्या दिवसापासून एकदाही नासलं नाही. कंपनी तीच आहे. सासूबाईंनी आयोडीनही टाकून पाहिलं, निळं झालं नाही, त्यांचं समाधान झालं.

पावसाळ्यासाठी टेट्राची दोन खोकी आणून ठेवलीत. दह्याला आठवड्यातून दोनदा म्हशीचं वेगळं आणते.

परळची_सुगरण · २४ मे, रात्री १०:१७

फार बरं वाटलं वाचून. डबा केवढा घेतलात आणि कुठे मिळाला? आमच्या मजल्यावर तीन घरांना हवाय.

सायंतारा · २४ मे, रात्री १०:३०

औषधाच्या दुकानात मागितला, असाच दिला. इंजेक्शनं, लसी येतात तो. साधारण फूटभर लांब, अर्ध्या लिटरच्या चार पिशव्या आणि बाटली आडवी बसते. आतून साबणाने धुऊन उन्हात वाळवला. झाकण सैल असेल तर वर वीट ठेवा, आमच्याकडे मांजर आहे मजल्यावर.

पहाटेची_लाईन · २५ मे, दुपारी १:३०

ताई, त्या बाटलीला रोज सकाळीच फ्रीजरमध्ये ठेवा, संध्याकाळी ठेवून झोपेपर्यंत पूर्ण गोठत नाही. दोन बाटल्या ठेवल्या तर आलटून पालटून चालतील.